उत्तरातलं नाव

स्टेफी माझ्या घरी काम करायला येऊ लागली ती माझ्या पुस्तकांमुळे. वाचण्यासाठी नव्हे. तिचं म्हणणं असं, की चारही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं लागलेली खोली आवाज गिळून टाकते. तिथं रेकॉर्डिंग केलं की आवाज घुमत नाही. मी शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि निवृत्तीनंतरही पुस्तकं घेत राहिलो. त्यांचा हा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

विरारजवळ नंदाखालला तिच्या वडिलांची, सेबेस्टियनची वाडी आणि माझं घर यांच्यामध्ये केळीची एक रांग आहे. त्या रांगेतून ती लॅपटॉप छातीशी धरून यायची, "सर, खोली रिकामी आहे ना?" असं विचारायची आणि मी काही बोलायच्या आधीच आत गेलेली असायची.

तिचं संगीत म्हणजे नक्की काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. त्यात वाजवणारा माणूस दिसत नाही. ती आवाज गोळा करायची. वाडीतल्या मोटरचा, नारळ सोलतानाचा, सायकलच्या साखळीचा. मग लॅपटॉपवर त्यांचे बारीक तुकडे करायचे, ते ताणायचे, उलटे फिरवायचे आणि ठोक्यावर बसवायचे. एकच तुकडा ती दोन-दोनशे वेळा ऐकायची. ऐकताना तिचा उजवा पाय सतत हलायचा, त्यानं टेबल हलायचं आणि माझ्या पेन्सिली गडगडत खाली पडायच्या. मी त्या उचलून परत ठेवायचो. तिला पत्ता नसायचा.

वर्षापूर्वी तिनं अंधेरीची नोकरी सोडली होती. "मला पुढच्या नाताळपर्यंत वेळ द्या," असं तिनं घरी सांगितलं होतं. "काही झालं नाही तर परत नोकरी बघते, आणि मम्मी दाखवेल तो मुलगाही बघते." सेबेस्टियन वाडीत निघून गेला. तिची आई डेल्फिन मात्र त्या दिवसापासून नाताळ किती लांब आहे ते रोज मोजत होती.

ऑक्टोबरमध्ये काहीतरी झालं. तिनं 'लाल' नावाचा एक ट्रॅक इंटरनेटवर टाकला होता. तो तीन आठवड्यांत चार लाख लोकांनी ऐकला. कुठल्या कुठल्या गावच्या मुली त्यावर नाचून व्हिडिओ टाकू लागल्या. पुण्यात डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी या प्रकारच्या संगीताचा मोठा महोत्सव होता. त्याचं काम बघणाऱ्या प्रियल नावाच्या मुलीचा फोन आला, आणि स्टेफीला मोठ्या मंचावर संध्याकाळी सातची वेळ मिळाली. फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"ते 'आनाला, आनाला' सुरू होतं ना," प्रियल म्हणत होती, "तिथं पब्लिक वेडं होणार बघ. ते काय आहे, कुठली भाषा आहे?"

"आमच्या गावची," स्टेफी म्हणाली.

तेव्हा तिचा पाय थोडा वेळ थांबला होता.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी दुपारी जोआना आली. जोआना म्हणजे स्टेफीच्या थोरल्या काकांची मुलगी, तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, विरारला एका बँकेत नोकरीला. एरवी ती माझ्या घरात चपला काढून यायची. त्या दिवशी चपलांसकट खोलीच्या दारात उभी राहिली.

"तुझं ते गाणं," ती म्हणाली. "त्यात बायका काय म्हणतात?"

"कुठल्या बायका?"

"नाटकं नको करू, स्टेफी."

स्टेफीनं हेडफोन गळ्यात घेतला. मी उठून जायला निघालो, पण दारात जोआना उभी होती आणि तिला बाजूला हो म्हणायचं मला सुचलं नाही.

"तुळिंजला गेले होते, फोनचं कव्हर घ्यायला," जोआना म्हणाली. "दुकानातला पोरगा हेच लावून बसला होता. मला वाटलं, मला कोणीतरी हाक मारतंय. मी चक्क मागं वळून बघितलं. मग मध्येच खोकला ऐकला. मॅग्डलीन आजीचा. तेव्हा कळलं."

इथं मला थोडं मागं जाऊन सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका मांडवात बसून गाणी म्हणतात. त्यातलं एक नवरीच्या लाल लुगड्याचं. पुढारीण विचारते, 'लाल लुगडं कोणाला गो?' आणि बाकीच्या बायका नवरीचं नाव घालून उत्तर देतात. दोन वर्षांपूर्वी जोआनाच्या मांडवात मॅग्डलीन आजीनं विचारलं आणि बायकांनी उत्तर दिलं होतं, 'जोआनाला, बाई, जोआनाला.' स्टेफीनं ते तेव्हा फोनवर टिपून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चर्चमध्ये सगळे जमले. नवरीही आली. नवऱ्याकडचं कोणी आलं नाही. पावणेबाराला फादरांनी जोआनाच्या वडिलांना हाताला धरून बाजूला नेलं. त्यापुढचं गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

"मी 'जो' कापलाय," स्टेफी हळूच म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"नव्हतं. 'जो'वर कोणाच्या तरी हातातून ताट पडलं होतं, म्हणून कापला. खरं सांगते, जोआना. मी दोन महिने ते एवढं ऐकलं, की मला त्यात नाव उरलंच नव्हतं. नुसता आवाज होता."

"मला उरलंय."

 जोआना काही रडली वगैरे नाही. तिनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तू कार्यक्रम करू नको असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तुला मिळालंय, तू कर. मला त्यातून काढ."

ती गेल्यावर स्टेफीनं तो ट्रॅक इंटरनेटवरून उतरवला. चार लाखांचा आकडा होता तिथं नुसती करडी चौकट दिसू लागली. एका मिनिटाचं काम होतं. अवघड काम पुढंच होतं, कारण महोत्सवाला चार आठवडे उरले होते आणि तिला बोलावलं होतं ते या एका ट्रॅकसाठी.

पुढचे आठ-दहा दिवस ती सकाळी नऊला यायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालायची. तिनं ते तीन अक्षरांचं उत्तर उलटं फिरवून बघितलं. पाण्याखालून येतंय असं करून बघितलं. बायकांच्या जागी मशीनचा बोलणारा आवाज लावला. तो रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटला. व्हायोलिन लावलं आणि लगेच काढलं. प्रत्येक वेळी हेडफोन माझ्या डोक्यावर बसवून विचारायची, "सर, अजून नाव ऐकू येतं?"

मला येत होतं. पण मला ते ठाऊक होतं म्हणून येत होतं, की खरोखरच येत होतं, हे मी ठरवू शकत नव्हतो. माझ्या कानांवर विश्वास ठेवून एखाद्या मुलीचं वर्षभराचं काम मोडावं इतका मी जाणकार नाही. एकदा तर 'नाही' असं तोंडावर आलं होतं. ती इतकी थकलेली दिसत होती.

"येतं," मी म्हणालो.

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के मला कशातलंच सांगता येत नाही, स्टेफी. पण येतं."

ती जमिनीवर बसली आणि हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम उठली. "चला सर, वटारला जायचंय. मॅग्डलीन आजीकडे. तुम्ही असलात तर ती मला हाकलणार नाही."

तिच्या स्कूटरवर मी मागं बसलो. गिरीजच्या वळणावर मी डोळे मिटले होते, हे तिनं आरशात बघितलं असावं.

मॅग्डलीनबाय म्हणजे आमच्या पाच गावांतली लग्नाच्या गाण्यांची पुढारीण. वय अठ्ठ्याहत्तर. ओट्यावर बसून वालपापडी सोलत होती. तिचं बोलणं मी साध्या मराठीत लिहितो आहे; आमची बोली कागदावर उतरवायला मला अजून जमलेलं नाही.

"काय गो, चोरटे," ती स्टेफीला म्हणाली. "माझा खोकला जगभर पोचवलास म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"जोआना येऊन गेली. सरांना कशाला आणलंस, साक्षीदार म्हणून?"

स्टेफीनं सगळं सांगितलं. तेच गाणं परत म्हणून हवंय, त्याच बायकांचं, फक्त नाव वेगळं.

"मांडव कुठाय?"

"नाही."

"नवरा?"

"तोही नाही."

"मग मी काय सरांच्या कपाटाचं लग्न लावू?"

"याच आठवड्यात आगाशीला एक लग्न आहे ना," मी भीत भीत म्हणालो. "तिथं टिपून घेता येईल."

"नको सर," स्टेफी म्हणाली. "तिचं नाव घालायचं, आणि उद्या तिचं काही बिनसलं तर? परत कोणीतरी दुकानात मागं वळून बघणार. माझं घाल, आजी. माझ्याबद्दल मला कोणाला विचारायला नको."

मॅग्डलीनबायचे हात थांबले. तिचा एक नियम होता. तो चर्चच्या कुठल्या पुस्तकात नाही, पण पाचही गावांत तिनं तो चालवला होता: लाल लुगड्याचं गाणं एका मुलीला एकदाच. विधवा पुन्हा लग्नाला उभी राहिली तरी तिला बाकीची गाणी मिळतात, हे मिळत नाही.

"तुझ्या मांडवात मग मी हे म्हणणार नाही," ती म्हणाली. "मी मेले असेन तर दुसरीही म्हणणार नाही, मी सांगून ठेवीन. तुझी आई तेव्हा माझ्या पाया पडली तरी नाही. समजलं?"

"समजलं."

"समजलं म्हणे. चोवीस वर्षांची ही." ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही काहीच बोलत नाही."

मी म्हणालो, "ती विचार करून बोलत असेल."

"विचार करणारी माणसं असा पाय हलवतात?" मॅग्डलीनबाय म्हणाली आणि पुन्हा वालपापडी घेतली. "शनिवारी या न्यायला. रविवारी आगमनकाळ लागतो, लग्नं बंद, मग नाताळपर्यंत मी तोंड उघडणार नाही. आणि चार बायका लागतील. मीच विचारायचं नि मीच उत्तर द्यायचं, लोक मला वेड्यात काढतील. आणि मांडव बांध. खोटा का होईना, मांडव पाहिजे."

शनिवारी सकाळी सेबेस्टियन केळीचे चार खुंट खांद्यावरून घेऊन आला. माझ्या पुस्तकांच्या खोलीत चार कोपऱ्यांना त्यानं ते उभे करून दोरीनं बांधले, वर एक चादर ताणली आणि हात धुऊन निघून गेला. त्यांचा चीक माझ्या शब्दकोशांवर गळला, त्याचे डाग अजून आहेत. अकरा वाजता लाल लुगडी नेसलेल्या पाच बायका त्या चादरीखाली सतरंजीवर बसल्या. स्टेफीनं मध्ये माईक ठेवला. मी दाराशी स्टुलावर होतो. पंखा बंद, खिडक्या बंद. एक बाई दुसरीला म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचून सरांनी लग्न कसं केलं नाही?" आणि दुसरी म्हणाली, "वाचूनच." सगळ्या हसल्या. स्टेफीनं बोट वर केलं आणि त्या गप्प झाल्या.

मॅग्डलीनबायनं विचारलं, 'लाल लुगडं कोणाला गो?'

'स्टेफीला, बाई, स्टेफीला.'

मला त्या गाण्यातलं इतकंच सांगता येईल, की चार म्हाताऱ्या आवाजांत एकही आवाज दुसऱ्याला धरून नव्हता आणि तरी ते एकत्र होतं. स्टेफी माईकसमोर गुडघ्यांवर बसली होती. आपलं नाव आलं की ती दर वेळी किंचित मागं सरत होती.

तिसऱ्या कडव्याला डेल्फिन आली. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. ती अंगणातून सरळ दारापर्यंत आली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत राहिली. मांडव बघितला, बायका बघितल्या, मुलीला बघितलं. ही गाणी तिची पाठ होती; मुलीच्या जन्मापासून हे एक गाणं तिनं राखून ठेवलेलं असणार. मी उठून तिला स्टूल द्यायला गेलो, तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकांनी तिला बघितलं. त्यांचा आवाज क्षणभर खाली गेला, पण मॅग्डलीनबायनं मांडीवर थाप मारली आणि पुढची ओळ विचारली. बायकांनी उत्तर दिलं. डेल्फिन वळली, अंगण ओलांडून गेली, आणि जाताना तिनं माझं लोखंडी फाटक अशा जोरानं आपटलं की बंद खिडक्यांची काच वाजली.

गाणं संपलं. स्टेफीनं हेडफोन लावून ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"फाटक आलंय, आजी. शेवटच्या उत्तरावरच. फक्त तेवढं एक कडवं परत म्हणशील?"

"एकदाच म्हणाले होते मी."

"एकच ओळ."

"स्टेफी, मी तुझ्या आईसमोर म्हटलंय हे," मॅग्डलीनबाय उठत म्हणाली. "आता फाटकासकट घे."

म्हणून तिला ते फाटकासकट घ्यावं लागलं. आवाज पुसायच्या तिच्याकडे युक्त्या होत्या. तिनं दोन दिवस त्या करून बघितल्या, पण फाटक काढलं की त्याच्याबरोबर बायकांचा शेवटचा शब्दही जायचा. शिवाय 'स्टेफीला' हा शब्द आधीच्यासारखा लांबत नव्हता. 'आनाला' वाहत जायचं, हे ठेचकाळायचं. मग तिनं ठोकाच बदलला, जलद केला, मध्ये मध्ये मोडला. चार दिवस ती जेवायलाही घरी गेली नाही, कारण घरी डेल्फिन तिच्याशी बोलत नव्हती. मी पेजेचा वाडगा आत ठेवायचो. पाचव्या दिवशी तिनं ते प्रियलला पाठवलं.

प्रियलचा फोन तासाभरात आला.

"हे काय आहे? 'आनाला' कुठंय?"

"काढलं."

"अगं पण लोक त्याच्यासाठी येणार आहेत. जुनंच वाजव ना स्टेजवर, ऑनलाइन नको तर नको."

"नाही वाजवणार."

"कॉपीराइटचं लफडं आहे का काही?"

स्टेफीनं माझ्याकडे बघितलं. उत्तर देणं किती सोपं होतं. एक वाक्य, आणि कदाचित प्रियललाही पटलं असतं. पण ते वाक्य जोआनाचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला हेच वाजवायचंय."

"ऐक, चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण जरा अंगावर येतं. सातला मी हे नाही ठेवू शकत." थोडा वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली. "साडेतीन. छोटा स्टेज. चालेल?"

"चालेल," स्टेफी म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बाहेर जाऊन माझ्या विहिरीभोवती किती फेऱ्या मारत होती देव जाणे.

पुण्याला मी जाईन असं मला वाटलं नव्हतं. जोआनानं बँकेतून रजा घेतली आणि सकाळी गाडी घेऊन दारात आली. "सर, बसा. बॅगा राखायला कोणीतरी पाहिजे." वाटेत त्या दोघी एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. एकदा जोआनानं चिक्की पुढं केली, स्टेफीनं घेतली.

साडेतीनला ऊन अगदी समोरून येत होतं. मैदानाच्या टोकाला तो छोटा मंच, आणि समोर पन्नास-साठ माणसं, त्यातली निम्मी सावली शोधत आलेली. स्टेफी लॅपटॉपमागं उभी राहिली तेव्हा मला तिचे फक्त खांदे दिसत होते. पहिले दोन तुकडे लोकांनी बसून ऐकले. कोणी फोन बघत होतं. मी जोआनाकडे बघायचं टाळत होतो.

मग मॅग्डलीनबायचा प्रश्न आला, माझ्या खोलीत ऐकला होता त्याच्या कितीतरी पट मोठा, आणि त्यावर उत्तर. बसलेल्यांपैकी काही उभे राहिले. ठोका धावत होता, अडखळत होता, परत धावत होता. आणि शेवटच्या उत्तरावर फाटक आदळलं. सगळा आवाज तिथं तुटला. एक क्षण काहीच नाही. मग ती साठ माणसं एकदम ओरडली, आणि ठोका परत सुरू झाला तेव्हा ती हवेत होती. पलीकडच्या मोठ्या मंचाकडून लोक पळत येताना मी बघितले. तिनं फाटक आणखी तीनदा आपटलं. चौथ्या वेळी पुढची पोरं स्वतःच उत्तर देऊ लागली होती. 'स्टेफीला, स्टेफीला.' त्यांना ते कलाकाराचं नाव आहे एवढंच माहीत होतं.

जोआना हात बांधून उभी होती. ती नाचली नाही. पण शेवटपर्यंत थांबली.

खाली उतरल्यावर स्टेफीच्या केसांना घाम होता आणि तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. प्रियल आली, तिला मिठी मारली, "मी चुकले, बास?" म्हणाली, आणि फेब्रुवारीत बंगळूरला रात्रीचा मोठा मंच आहे, येणार का, असं तिथंच विचारलं. स्टेफीनं मान हलवली. मग कॅमेरा घेतलेला एक मुलगा आला. कुठल्याशा संगीताच्या चॅनेलचा होता. त्यानं माईक पुढं केला.

"एक विचारायचं होतं," तो हसत म्हणाला. "सगळे आर्टिस्ट स्वतःचं नाव पोस्टरवर टाकतात. तू तर गाण्यात घातलंस. तेही एवढ्या वेळा. जरा जास्तच नाही का झालं?"

आसपासची दोन-तीन पोरं हसली. जोआना माझ्या शेजारीच होती, बॅगेची चेन लावत. चेन मध्येच थांबली.

स्टेफीनं त्याच्याकडे बघितलं. तिला काय सांगता आलं असतं ते मला माहीत होतं, आणि ते सांगितलं असतं तर तो मुलगा हसला नसता, त्यानं ते दहा वेळा दाखवलं असतं.

"मला माझं नाव आवडतं," ती म्हणाली.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

त्यानं "भारी कॉन्फिडन्स" असं काहीसं म्हणत कॅमेरा बंद केला. स्टेफी वळली आणि केबल गुंडाळायला लागली. जोआनानं पुढं होऊन केबलचं दुसरं टोक धरलं.